जाळी कोणी काढली?

तुमसरजवळच्या भूपेंद्रशेठच्या राईस मिलमध्ये धान नंतर भरडला जायचा, आरती आधी व्हायची. सकाळी आठला सगळे मजूर हात जोडून उभे, आणि हजेरीही तिथंच लागायची. आरती चुकली की दिवस खाडा. मिलचा फिटर योगेंद्र तसा नेमानं घरी देवापुढे दिवा लावणारा माणूस. पण मिलमध्ये शेठ देवाच्या अगदी बाजूलाच उभे राहायचे, त्यामुळे आपला नमस्कार नेमका कुणाला पोचतो, हे त्याला कळेनासं झालं होतं.

यंदा शेठनी मिलमध्ये सात दिवसांचा अखंड पाठ मांडला. संकल्प असा, की पाठ चालू असेतोवर मिलही क्षणभर थांबायची नाही. तिसऱ्या दिवशी धान वर चढवणाऱ्या एलिवेटरचं बेअरिंग तापू लागलं. योगेंद्र शेठकडे गेला.

"शेठ, तासभर मशीन बंद करा लागते. बेअरिंग बदलतो."

"पाठ सुरू असताना? संकल्प मोडते ना गा. चार दिवस सांभाळ कसंतरी."

योगेंद्रनं सांभाळलं. बेअरिंगला वारा लागावा म्हणून त्यानं एलिवेटर फिरवणाऱ्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी काढून ठेवली, समोर पंखा लावला आणि आरतीला जाऊन उभा राहिला.

पाचव्या दिवशी दुपारी, खाली सांडलेला कोंडा गोळा करणाऱ्या गिरजाबाईचा पदर त्या उघड्या पट्ट्यात गेला आणि पदरामागोमाग हातही ओढला गेला. योगेंद्र बंद करायच्या लाल बटणाकडे धावला, तर बटणावर देवाची तसबीर आणि तिला झेंडूचा जाडजूड हार! तसबीर ओढून खाली टाकून बटण दाबेपर्यंत म्हातारीचा हात मोडला होता. जीव वाचला, एवढंच नशीब.

शेठ काही दुष्ट नव्हते. दवाखान्यात न्यायला गाडी त्यांनीच दिली. पण गाडी गेल्यावर पहिलं वाक्य तोंडून निघालं ते, "संकल्प मोडला." मग ठरलं, की सातव्या दिवशी शांतीचं हवन करायचं, तसबीर पाडणाऱ्या योगेंद्रनं सर्वांदेखत देवापुढे नाक घासायचं, आणि त्यानंतरच मशीन चालू करायची. दुरुस्तीसाठी जिला तासभर थांबता येत नव्हतं, ती मिल हवनासाठी दोन दिवस आरामात थांबली.

योगेंद्रचं डोकं फिरलं. "मिल सोडतो. नागपूरले काम भेटेल," तो बायकोला म्हणाला.

"सोडा," साधना म्हणाली. "पण आधी गिरजामावशीले भेटून या."

गिरजाबाई प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसली होती.

"मावशी, मी मिल सोडून राहिलो. तेथं माणसापेक्षा पूजा मोठी झाली."

"सोड ना. पण मले एक सांग, जाळी कोणं काढली?"

"मीच," योगेंद्र म्हणाला.

"देवानं नाही सांगतलं काढाले. शेठनंबी नाही सांगतलं. पट्टा उघडा ठेवला तं कोणाचा तरी हात जाईन, हे तुलेच मालूम होतं. तरी तू आरतीत टाळ्या वाजवून राहिला होता. काहून?"

"शेठले भेलो, मावशी."

"मंग नागपूरच्या मालकाले नाही भेशील? पूजा वाईट नाही, बाबू. म्या बी जन्मभर केली. पण पूजेचं नाव घेतलं का आपण तोंड बंद करतो, अन् तेलेच भक्ती म्हणतो. जाशील तं बोलून जा. चुपचाप गेला तं तुह्या जागी येणाराबी जाळीच काढीन."

योगेंद्रला ते झोंबलं, कारण ते खरं होतं. पळून जाऊन आपली चूक तुमसरला राहणार नव्हती, ती सोबतच नागपूरला आली असती.

सातव्या दिवशी हवन पेटलं. सगळे जमले. "ये, नाक घास अन् मोकळा हो," शेठ म्हणाले.

"माफी मागतो शेठ, पण गिरजामावशीची. जाळी मी काढली. मशीन बंदच करा लागते, हे ठासून सांगाले पाहिजे होतं, मी भेलो. आता नाही भेत. बेअरिंग बदलल्याबिगर, जाळी बसल्याबिगर अन् बटण मोकळं केल्याबिगर मी मशीनले हात लावत नाही. आरतीले ज्याले यायचं तो येईन, हजेरी कामाची लावा. पटत नसंल तं मी चाललो."

"मंग जा," शेठ कडाडले.

योगेंद्र खरोखरच निघाला. तेवढ्यात मशीन चालवणारा नत्थू जागचा उठला. "फिटरबिगर मी बी चालू करत नाही, शेठ. उद्या हात माहा जाईन." कोंडा भरणाऱ्या बायाही त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

शेठनी हवन सांगणाऱ्या सुखराम महाराजांकडे आशेनं पाहिलं. महाराज खाकरले. "शेठजी, दुरुस्तीले यंत्र थांबवू नये, असं कोणत्याच पोथीत नाही. तो संकल्प तुमचा होता."

शेठनी एकदा नत्थूकडे, एकदा बायांकडे पाहिलं. मग स्वतः उठले, पुन्हा बटणावर टांगलेली तसबीर काढून ऑफिसच्या भिंतीवर लावून आले. "भूल माहीच झाली," ते योगेंद्रला म्हणाले. "बदल बेअरिंग. हजेरीबी उद्यापासून कामाचीच. मी गिरजाबाईले भेटून येतो."

योगेंद्र मिल सोडून गेला नाही. पण मंडळी, तो राहिला ही या गोष्टीतली मोठी बाब नव्हे. आपल्याही कचेरीत, शाळेत, कारखान्यात देव असेल तर असू द्या, पण श्रद्धेची हजेरी घेऊ नका आणि कुणी घेत असेल तर मान डोलावून गप्प बसू नका. जायचं की राहायचं, हे पुढे ठरवता येतं. चुकीला चूक म्हणणं मात्र त्याच दिवशी करावं लागतं, सगळ्यांचे हात शाबूत असताना.