चावऱ्यांचं पान

आमच्या घराण्यात आमच्या शाखेला 'चावरे' म्हणतात. हे आडनाव नाही. आडनाव सगळ्यांचं एकच आहे, पण चार नातेवाईक जमले आणि कुणी विचारलं, "ही कुणाची?" की उत्तर ठरलेलं, "ही चावऱ्यांची." मग विचारणारा मुद्दाम एक पाऊल मागे सरतो आणि सगळे हसतात. लहानपणी मी एका मावसभावाला खरंच चावले होते. नाव आहेच, तर फुकट का जाऊ द्यायचं?

हे नाव पडलं माझ्या पणजोबांमुळे. ते घोडदळात स्वार होते. घराण्याच्या जुन्या वहीत त्यांच्याबद्दल सहा ओळी आहेत. ती वही लिहिली त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे मास्तरांनी. मास्तर शाळेत शिकवायचे, अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे त्यांनी लिहिलेलं खोटं असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. त्या ओळी मला पाठ आहेत. 'क्रमांक दोनशे चौदा. स्वभाव तापट. अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाही. आवाजाने बिथरतो. चावतो. पलटणीच्या कामाला निकामी ठरवून काढून टाकला.' पलटणीच्या दप्तरातून जसंच्या तसं उतरवून घेतलं, असं खाली मास्तरांनीच लिहून ठेवलंय. माणसाबद्दल असं अरे-तुरेत कसं लिहितात, असं मी एकदा विचारलं होतं. सरकारी कागदात कुणाला अहो-जाहो करतात का, असं उत्तर मिळालं.

त्याच पानावर पणजोबांचा एक फोटो चिकटवलाय, अंडाकृती कापलेला. ताठ मान, जाड मिशा, डाव्या कानाचा वरचा तुकडा गायब आणि उजव्या मुठीत चामड्याचा पट्टा. कान मारामारीत गेला आणि पट्टा लोकांना बडवायला, हे आम्हाला सांगितलेलं. पणजोबांना वाचता येत नव्हतं. घरात वाचता येणारे एकटे मास्तर. त्यामुळे आपल्याबद्दल वहीत काय लिहिलंय हे त्यांना कधी कळलं की नाही, कोण जाणे.

मी पुस्तकं बांधते. वडिलांचं दुकान मी चालवते. एक लांबट खोली, खिडकीशी शिवायची चौकट, भिंतीला पुठ्ठे आणि कापडाचे गठ्ठे, मधोमध पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा आणि कोपऱ्यात निमंत्रणपत्रिका छापायचं वडिलांचं जुनं ट्रेडल. हातांना कायम खळीचा वास. मास्तरांचा पणतू, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, त्याने निवृत्त झाल्यावर घराण्याचा इतिहास लिहायला घेतला. घराण्यात बांधणारी आहे म्हटल्यावर काम माझ्याकडेच येणार होतं. दीडशे प्रती. छापखान्यातून कागद आले, चार-चार पानांचे कापलेले. घड्या घाला, एकात एक सारून जुड्या, म्हणजे फर्मे, करा, शिवा, पुठ्ठा चढवा. सोबत दादाने ती जुनी वही आणून दिली. पाठ सुटली होती तिची. प्रकाशनाच्या समारंभात काचेच्या पेटीत ठेवायची म्हणून तीही नीट करायची होती.

एक्केचाळीसाव्या पानावर पणजोबा सापडले. 'दुर्वर्तनामुळे लष्करातून निकामी म्हणून काढण्यात आले. चावण्याची सवय होती.' मी ते पान तसंच आत्याकडे घेऊन गेले. पणजोबांना पाहिलेलं आता ती एकटीच उरलीय. सत्त्याऐंशी वर्षांची आहे, कान तिखट आहेत आणि जीभ त्याहून. तिने भिंगातून ती ओळ वाचली आणि पान उलटं करून मांडीवर ठेवलं.

"आजोबा मला खांद्यावर घेऊन नदीपर्यंत न्यायचे," ती म्हणाली. "मोठ्याने बोललेलं मी एकदासुद्धा ऐकलं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा सासरचे नवऱ्याला म्हणाले होते, जपून रे, चावेल. पन्नास वर्षं संसार केला, तो विनोद काही जुना झाला नाही त्यांच्यात. आता छापून आला म्हणजे मी मेल्यावरही चालू."

"मी दादाशी बोलते."

"बोलून काय होणार? वहीत आहे ते आहे. फक्त मला पहिल्या रांगेत बसवू नका म्हणावं. सगळ्यांसमोर ते पान उघडायला लावतील."

मला भयंकर राग आला. राग कुणावर हे मात्र कळत नव्हतं. वही खोटी म्हणायला हातात काय होतं? आत्याच्या आठवणी आणि माझा तापट स्वभाव. तोही पणजोबांकडूनच आलाय, असं घराण्यातले म्हणणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही खोलली. जुन्या वहीची पाठ बदलायची तर आधी पुठ्ठा सोडवावा लागतो. पूर्वी घरच्या घरी वही बांधताना विकतचा पुठ्ठा कोण आणणार? रद्दी कागद एकावर एक चिकटवायचे, सुकवायचे, झाला पुठ्ठा. मास्तरांनी तेच केलं होतं. मी ओल्या फडक्याने खळ भिजवत एकेक थर सोडवत गेले. उत्तरपत्रिका निघाल्या, एक पंचांगाचं पान निघालं, आणि अगदी मधे, चार पदरी घडी घातलेला एक मोठा छापील रकान्यांचा कागद. डोक्यावर पलटणीचा शिक्का. खाली पणजोबांचं नाव.

मी तो टिपकागदावर पसरला आणि उभ्यानेच वाचला. कागदाला दोन बाजू होत्या, उघड्या पुस्तकासारख्या. डावीकडे वर छापलेलं, 'स्वार'. उजवीकडे छापलेलं, 'घोडा'.

उजवीकडे लिहिलं होतं: 'क्रमांक दोनशे चौदा. रंग लाल. कपाळावर पांढरा पट्टा. मागचे नाल जड लागतात. स्वभाव तापट. अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाही. आवाजाने बिथरतो. चावतो, दोन वेळा, पैकी एकदा स्वाराचा कान. पलटणीच्या कामाला निकामी ठरवून काढून टाकला. गोळी घालावी.'

मी खाली बसले. मग एकटीच इतकी हसले की शेजारचा चष्मेवाला दारात येऊन बघून गेला. चार पिढ्या आम्ही एका घोड्याची वर्तणूक कपाळावर मिरवत होतो. मग हसू ओसरलं, कारण मास्तरांनी काय गाळलं ते माझ्या लक्षात आलं. 'घोडा' हा शब्द. रंग, पट्टा, नाल. कान. आणि गोळी, कारण माणूस तर जिवंत परत आलेला. चुकून एखादी ओळ सुटते. एवढं सगळं नेमकं सुटत नाही. वाचता न येणाऱ्या भावाने विश्वासाने कागद हातात दिला आणि या माणसाने त्यातला फक्त घोडा उतरवून घेतला. वर कागद जाळला नाही, फाडला नाही, पुठ्ठ्यात घातला. लाज वाटली म्हणून की नुसती कागदाची काटकसर, देव जाणे.

डावीकडे पणजोबा होते. 'वय एकोणीस. वर्तणूक चांगली. घोड्यावर हात उत्तम.' खाली शेरा, वेगळ्या शाईत: 'घोडा क्रमांक दोनशे चौदा यास गोळी घालण्याच्या वेळी लगाम सोडण्यास नकार दिला. तीन वेळा हुकूम केला, तिन्ही वेळा नकार. चौदा दिवस कोठडी. हुद्दा काढून घेतला. कोठडीतून सुटल्यावर स्वतःच्या अर्जाने नोकरी सोडली. घोडा साहेबांच्या परवानगीने सोबत नेला.'

मी फोटो पुन्हा पाहिला. मुठीतला तो पट्टा सरळ खाली लोंबत नव्हता. तो ताणलेला होता आणि कात्रीने कापलेल्या कडेपाशी संपत होता. लगाम होता तो. पलीकडे घोडा उभा असणार, तो अंडाकृतीत मावला नाही.

दादा संध्याकाळी आला. मी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने चष्मा पुसून दोनदा वाचला. वाईट माणूस नाही तो. चेहरा उतरला त्याचा.

"मास्तरांच्या नजरचुकीने झालं असेल," तो म्हणाला.

"नजर घोड्याच्या रंगावरून घसरली, नालांवरून घसरली, कानावरूनही घसरली? कमालीची गुळगुळीत नजर."

"ते जाऊ दे. पानं छापून झालीत. समारंभ रविवारी आहे."

"मग एक पान नवीन छापू."

"तेच म्हणतो. एक चिठ्ठी चिकटवू शेवटी. 'स्वेच्छेने निवृत्त झाले.' आत्यालाही बरं वाटेल."

"आणि कोठडी?"

"कोठडी कशाला काढतेस? हुद्दा गेला, हुकूम मोडला, हे काय मिरवायचं? शिवाय तो कागद छापला की लोक विचारणार, मास्तरांनी असं का लिहिलं. सगळा इतिहास त्यांच्या वहीवर उभा आहे."

"इतकी वर्षं न केलेल्या गोष्टीसाठी पणजोबांना निकामी म्हणालात, तेव्हा घराण्याची अब्रू गेली नाही. आता जे खरंच केलं ते लिहायचं तर जाते? ते चौदा दिवस त्यांचे आहेत, दादा. ते गाळायचा हक्क तुला नाही."

दादा उठला. दारात थांबून म्हणाला, "हे पुस्तक मी लिहिलंय. तू फक्त बांधायचं."

"बरं," मी म्हटलं. "बांधते."

आता बांधणीतली एक गोष्ट सांगते. पुस्तकातलं कुठलंही पान एकटं नसतं. कागद मधोमध दुमडलेला असतो, त्याचं एक पान पुढे येतं आणि दुसरं तिथून बरंच मागे. दोघांना शिलाईचा एकच दोरा धरून ठेवतो. एक फाडलं की दुसऱ्याला धरायला काही उरत नाही, ते सुटून येतं. दादाच्या पहिल्या फर्म्यात सर्वांत पुढे त्याचा स्वतःचा फोटो होता, पानभर, कोट घातलेला. त्याच कागदाचं दुसरं पान फर्म्याच्या शेवटी यायचं होतं आणि ते कोरं सोडलेलं होतं.

मी पलटणीच्या कागदाचा, दोन्ही बाजूंचा, छापायचा ठसा करून घेतला. दोन दिवस ट्रेडल चालवलं. दीडशे कोऱ्या पानांच्या एका बाजूला स्वार छापला आणि दुसऱ्या बाजूला घोडा. एक अक्षर माझं घातलं नाही. मग घड्या घातल्या आणि शिवायला बसले. वडील पुस्तकाला तीन टाके घालायचे. मी पाच घातले.

शनिवारी पहिली प्रत आत्याकडे नेली. तिने स्वाराचं पान वाचलं, मग घोड्याचं, मग परत स्वाराचं. 'तीन वेळा' या शब्दांवर तिचं बोट बराच वेळ होतं.

"परसात एक म्हातारा लाल घोडा असायचा म्हणे," ती म्हणाली. "आमच्या बाबांना लहानपणी चावला होता. ते सांगायचे, आजोबा घोड्याला सोडून बाबांनाच रागावले." मग ती रडली. तोंड न लपवता. डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "मला पहिल्या रांगेत बसव."

रविवारी सभागृह भरलेलं होतं. सगळ्यांच्या हातात पुस्तकं गेली. भाषणं चालू असतानाच पानं उलटल्याचा आवाज वाढत गेला आणि मागून कुणीतरी जोरात म्हणालं, "अरे, चावत होता तो घोडा." हशा पिकला, पण या वेळी तो आमच्यावर नव्हता. दादाने व्यासपीठावरच आपली प्रत उघडली. ते पान पाहिलं, मला शोधलं, आणि सगळ्यांदेखत ते मुळापासून टरकन फाडलं. त्याबरोबर पुढून त्याचा फोटो सुटला आणि तरंगत पहिल्या रांगेपुढे येऊन पडला. कुणी हसलं नाही. मला त्याची दया आली, खोटं कशाला सांगू. पण पान परत घ्यावं असं मात्र वाटलं नाही.

तो खाली उतरला. फोटो उचलला नाही. सरळ आत्यापुढे येऊन उभा राहिला, कारण तिने दिलं की बाकीचे मुकाट्याने देणार, हे त्याला ठाऊक होतं.

"आत्या, पुस्तकं परत घेतोय. चूक झालीय बांधणीत. दे ते."

आत्याने पुस्तक दोन्ही हातांनी धरलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"आत्या, ऐक माझं. दे."

"नाही."

त्याने पुस्तकाची कड धरली आणि हलकेच ओढली. तिच्या हातांच्या शिरा वर आल्या. पुस्तक तसूभर हललं नाही.

"आत्या, शेवटचं सांगतो."

"हे तिसरं झालं," आत्या म्हणाली. "आता कोठडीत घाल."