उरलेले धडे

“गृहपाठ रेकॉर्ड करायच्या आधी बाकी सगळं बंद करा. मेल, गप्पा, सगळं. पडद्यावर जे उगवेल ते व्हिडिओत जातं, मग झाकायला जागा नाही.”

घरांचे नकाशे काढण्यात उभा जन्म घालवलेला तिचा नवरा निवृत्तीनंतर तेच काम कॉम्प्युटरवर शिकवू लागला होता. पडद्यावर रेघ ओढायची, तोंडाने समजावायचं, आणि ते सगळं रेकॉर्ड करून इंटरनेटवर फुकट टाकायचं. शिकणारी पोरं आपापल्या पडद्याचे व्हिडिओ त्याला पाठवत. कुठे चुकलं ते तो सांगे. एकदा एकाच्या नकाशातल्या भिंतीवरच बायकोचा निरोप उमटला होता, ‘येताना कांदे आणा, आणि माझ्या आईशी नीट बोला.’ तेव्हापासून प्रत्येक धड्याच्या शेवटी ही तंबी असायची.

आणि जिन्याच्या धड्यात तो स्वतःच चुकला.

तिला कळलं ते मुलीच्या फोनवरून. मुलगी दुसऱ्या गावी असे. बाबांचा व्हिडिओ आला की हातातलं काम टाकून बघे.

“आई, बाबांच्या घशाला काय झालंय?”

“खोकला गं. गरम पाणी देतेय.”

“खोकला नाही. व्हिडिओत कोपऱ्यात मेल दिसतेय. हॉस्पिटलची.” मुलीने वाचून दाखवलं. “‘कर्करोग विभाग. शस्त्रक्रियेला आपण दुसऱ्यांदाही आला नाहीत.’”

ती फोन तसाच हातात धरून आतल्या खोलीत गेली. तो पुढचा धडा बोलत होता.

“दोनदा बोलावलं, आणि तुम्ही गेला नाहीत?”

त्याने रेकॉर्डिंग थांबवलं. “कुणी सांगितलं?”

“तुम्हीच. सगळ्या दुनियेला.”

तिने कोपऱ्याचं सांगितलं, तेव्हा तो आधी हसला, मग खोकला. “पोरांना तंबी देतो आणि आपण… अगं, स्वरयंत्रच काढणार आहेत. परत बोलणं नाही. चार धडे उरलेत. छपराशिवाय घर कसं सोडू?”

“आणि मला सोडाल?”

त्याने माउस बाजूला सरकवला.

“उद्या भरती व्हा. उरलेलं मी बोलेन.”

“तू? तुला माउस धरता येत नाही!”

“माउस तुम्ही धरा, तोंड माझं. नाहीतरी म्हणताच ना, हिचं तोंड बंद नसतं म्हणून?”

“कबूल?” त्याने विचारलं.

“कबूल.”

देवापुढे धरलेला नेम तिने तापातसुद्धा मोडला नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. तो भरती झाला.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, “थोडं आधी आला असतात तर…”

घरी आल्यावर तो गळ्यातल्या नळीतून श्वास घेत कॉम्प्युटरसमोर बसे. आवाज न करता रेघा ओढून रेकॉर्ड करी, आणि तिने काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवी. “आज बोलू का?” असं तिने विचारलं, की तो हाताने ‘थांब’ म्हणे, आधी सगळं घर होऊ दे. तिलाही घाई नव्हती. धडे संपले की हाही संपेल, अशी एक धास्ती तिला होती, ती तिने ओठांवर येऊ दिली नाही.

छपराची शेवटची रेघ झाली आणि त्याच आठवड्यात तो गेला.

माणसं आली, बसली, उठून गेली. मुलगी म्हणाली, “आई, राहू दे ना ते धडे. शिकणारी मुलं समजून घेतील.”

“त्यांनी घ्यावं. माझं कबूल करून झालंय.”

दुपारी तिने खिडकी लावली, पंखा बंद केला. मुलीने पहिला व्हिडिओ लावून दिला. पडद्यावर निमूटपणे भिंती उभ्या राहू लागल्या. माउसचा बाण एका कोपऱ्यापाशी आला आणि थांबला. ती नुसती बघत बसली. पुढच्या कोपऱ्यावरही तो तसाच थांबला, एक वाक्य मावेल एवढाच. मग दाराशी, मग खिडकीशी. कागद तिच्या मांडीवर तसाच पडून होता.

“अगं, हे माझ्यासाठी थांबतायत,” ती म्हणाली.

मुलीने तोंड फिरवलं.

“पुन्हा पहिल्यापासून लाव.”

तिने कागद डोळ्यांजवळ धरला, घसा साफ केला आणि हलक्या आवाजात पहिलं वाक्य वाचलं. ते संपलं, तसा बाण हलला.