बारीक काळी रेघ

माझ्या चित्रकलेच्या वर्गात नियम दोनच. खोडरबर आणायचा नाही आणि दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही. मीसुद्धा लावत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना चित्र सुधारून दिलं की ती कायम आपल्या तोंडाकडे बघत बसतात. हे पालकांना पटवताना माझ्या नाकी नऊ येतात. "मग तुम्ही शिकवता तरी काय?" असं विचारणाऱ्या एका काकांना मी सरळ दार दाखवलं होतं.

त्यामुळे एका सकाळी वर्ग उघडला आणि वर्गातल्या एका मुलीच्या चित्रावर परक्या हाताची रेघ दिसली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. आदल्या संध्याकाळी तिने मोठ्या मजेत एक वाकडीतिकडी खुर्ची काढली होती. आता त्या खुर्चीवरून बारीक काळ्या रेघेने दुसरी खुर्ची काढलेली होती, अगदी मापात. किल्ली एकच, तीही माझ्या पर्समध्ये. मी सगळ्या वर्गाला फैलावर घेतलं.

तिने मान खाली घातली. "बाई, त्यांना नका रागावू. बाबांची रेघ आहे ती."

तिचे बाबा इमारतींचे नकाशे काढायचे. ब्लेडने पेन्सिलीला लांबलचक टोक काढायचे आणि रोज तिचं चित्र ओढून घेऊन सुधारायचे. गेल्या हिवाळ्यात ते वारले होते.

असल्या गोष्टी मी मानत नाही. मी कुलूप बदललं. दुसऱ्या सकाळी तिचं झाडही सुधारलेलं होतं, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण खरी भीती वाटली ती पुढे. ती चित्रं अर्धवट सोडायला लागली. पुढचं बाबा करतील, म्हणायची. पोर माझ्या डोळ्यांदेखत हातची जात होती.

मी तिला बाजूला घेतलं. "माझं चित्र सुधारू नका, हे त्यांना तूच सांगायला हवंस. मी सांगितलं तर तीही परक्याचीच रेघ होईल."

त्या संध्याकाळी तिने बाबांनाच काढलं. एक डोळा मोठा, कान सुपाएवढे. पेन्सिल पार बोथट झाली. बाकीची मुलं गेल्यावर ती कागदावर वाकून हळूच म्हणाली, "बाबा, हे माझं आहे. वाकडं असू दे."

मग माझ्याकडे वळली. "बाई, आता ते येणारच नाहीत का?"

मी तिची बोथट पेन्सिल टेबलावर कागदाशेजारी ठेवली आणि दिवा मालवला.

सकाळी ती माझ्याआधीच पायरीवर येऊन बसली होती. मी दार उघडलं. चित्र जसंच्या तसं होतं. तिने सगळ्या कागदावरून बोट फिरवलं, एकही रेघ जास्तीची नव्हती. तिचे डोळे भरून आले, आणि माझेही.

मग तिने पेन्सिल उचलली. वर्गातल्या यंत्राने पेन्सिलीला आखूड टोक निघतं. हे लांबलचक होतं, आणि टेबलावर ब्लेडने काढलेल्या पातळ सालींचा लहानसा ढीग होता.

तिने फुंकर मारून तो बाजूला केला आणि कोरा कागद पुढे ओढला.