ठिगळ लावलेली चाळण

मित्रांनो, माझ्या कड्यात अडकलेली रेती झटकू नका, ती माझ्या नोकरीतली आहे. मी एक जुनी चाळण आहे. पत्र्याचं कडं, पितळी तारेची बारीक जाळी आणि स्वभावाने जरा मानी. पापडी गावच्या बाजारातून मटिल्डाबाईंनी मला राजोडीला आणलं, ते नाताळच्या फुग्यांचं, म्हणजे तळलेल्या गोल पावांचं, पीठ चाळायला. पिठातली एक अळीसुद्धा मी कधी खाली जाऊ दिली नाही.

त्यांची मुलगी क्लेमेंटीन तेव्हा समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करायला लागली होती. किनाऱ्यावरच्या रेतीत शिवल्यांची, म्हणजे खायच्या शिंपल्यांची, तिळाएवढी पिल्लं किती, हे तिला मोजायचं होतं. नवी चाळण मागवायला वेळ कुठला? तिने मला उचललं. मटिल्डाबाई पुटपुटल्या, की आता भाकऱ्यांना खारट वास येणार. त्या दिवसापासून मी स्वयंपाकघर सोडलं ते सोडलंच.

दर अमावास्येच्या ओहोटीला आम्ही दोघी वाळूवर. ती रेती माझ्यात टाकायची, समुद्राच्या पाण्यात मला गदागदा हलवायची आणि उरलेली पिल्लं मोजून वहीत आकडा लिहायची. गुडघे दुखले तरी एक अमावास्या चुकवली नाही तिने. अशी माणसं मला फार आवडतात.

बाराव्या वर्षी माझी जाळी एका बाजूला फाटली. क्लेमेंटीन मला टाकून देईना. मग मटिल्डाबाईंनी मच्छरदाणीचा तुकडा कापला आणि नायलॉनच्या दोऱ्याने असं सुबक ठिगळ लावलं, की येणारा-जाणारा कौतुक करी. मीही फुशारले. मच्छरदाणीची भोकं माझ्या भोकांपेक्षा मोठी आहेत, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही.

त्यानंतर वहीतले आकडे घसरू लागले. राजोडीची पिल्लं निम्म्याहून कमी झाली, असा निबंध क्लेमेंटीनने लिहिला. तो देशोदेशी वाचला गेला. तिचे विद्यार्थी रत्नागिरीपासून कारवारपर्यंत तिच्याच पद्धतीने मोजू लागले. आणि शिवल्या काढून विकणाऱ्या सालोमीने व तिच्या सोबतिणींनी क्लेमेंटीनच्या शब्दाखातर वर्षातले दोन महिने किनारा खणणं सोडलं. पोटाला चिमटा घेऊन सोडलं.

पुढे ती शिकवायची त्या कॉलेजने स्टीलची चाळण आणली. मी परसात, सुकत घातलेल्या बोंबलांवर झाकण म्हणून पडले. मांजर माझ्यावर झोपायचं. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

नव्या चाळणीत पहिल्याच वर्षी पिल्लं एकदम दुप्पट निघाली. क्लेमेंटीनची विद्यार्थिनी हेमाली पेढे घेऊन आली. दोन महिन्यांची बंदी फळाला आली म्हणून सगळे खूश. क्लेमेंटीनने पेढा हातातच धरला. एका वर्षात एवढी? तिने आईला विचारलं, जुनी चाळण कुठे आहे.

बोंबलांवरून उचलून मला पुन्हा वाळूवर नेलं. एकच रेती अर्धी नव्या चाळणीत, अर्धी माझ्यात. माझ्या ठिगळातून पिल्लं भराभर निसटली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात; इथे अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते अंगण मी होते. पिल्लं घटली होती, पण घट तिने सांगितली होती त्याच्या निम्मीच.

हेमाली हळूच म्हणाली, की जुन्या चाळणीचं कोण विचारतंय, राहू द्या ना मॅडम. मटिल्डाबाई तर डोळ्याला पदर लावून बसल्या, की आपणच लावलेल्या ठिगळाने पोरीचं नाव घालवलं.

क्लेमेंटीनने मला मांडीवर घेतलं. "आय, ठिगळ तू लावलंस ते मायेने. ते वहीत लिहिलं नाही, ती चूक माझी."

निबंधाची दुरुस्ती पाठवण्याआधी ती मला घेऊन सालोमीकडे गेली. ठिगळ दाखवलं, सगळं सांगितलं. सालोमीने माझ्या ठिगळावरून बोट फिरवून पाहिलं.

"ते म्हयने आमी हात बांधून बसलो, ते काय परत येनार नाय," ती म्हणाली. "पन सांगाला तू सोता आली. आता दोनाचा एक म्हयना करू. आनि मोजताना मी बाजूला बसनार."

आता ती बसते. आकडा दोघी मिळून म्हणतात. दुरुस्ती छापून आली तेव्हा क्लेमेंटीनला काहींनी नावं ठेवली. पण तिचे विद्यार्थी आज वहीच्या पहिल्या ओळीत चाळणीचं माप लिहितात, आणि ती कधी, कशाने दुरुस्त केली तेही. हीच तिची खरी शिकवण, असं मला वाटतं.

मित्रांनो, तुमची जुनी वस्तू फाटली तर फेकू नका, मायेने शिवा. फक्त कुठे शिवली ते लिहून ठेवा. लिहिलेल्या ठिगळाची लाज वाटत नाही. मला तरी आता वाटत नाही.