बांधावरच्या धोतऱ्याचं गाऱ्हाणं

मी धोतरा बोलतोय. नाव ऐकून मागे सरकू नका, मी उठून कुणाच्या अंगावर येत नसतो. मानवत तालुक्यात नागप्पांच्या कापसाच्या वावराला लागून जो बांध आहे, त्यावर माझं ठिकाण. कालपर्यंत तिथे उभा होतो, आज आडवा पडलोय. का पडलोय ते सांगतो. पण आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव मूळचा कडू आहे आणि सध्या डोकंही फिरलेलं आहे.

माझा जन्म निर्माल्यातला. नागप्पांच्या बायकोने, गंगम्माने, महाशिवरात्रीला महादेवाला एक काटेरी फळ वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बेलाच्या पानांसकट बांधावर आणून टाकलं. पावसाळ्यात त्यातून मी वर आलो. ना खत, ना पाणी. समोर दोन हातांवर कापसाचे लाड चाललेले: खुरपणी, युरिया, ठिबक. मी मुकाट बघत मोठा झालो.

नात्यागोत्याचं म्हणाल तर वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा ही सगळी माझी भावकी. पण वांग्याला चिरा देऊन मसाला भरतात, आणि माझ्याकडे बोट दाखवून लेकरांना सांगतात, हात लावू नको, येड लागतं. वर्षातून एक सकाळ मात्र माझी लूट असते. शिवरात्रीला फुलं काय, फळं काय, ओरबाडून नेतात. दुसऱ्या दिवशी ओळखसुद्धा दाखवत नाहीत. गरज सरो वैद्य मरो, ही म्हण माणसांनी स्वतःवरूनच केली असावी.

शेळी मला हुंगून तोंड फिरवते, याचं कारण माझ्या अंगात आहे. मुळापासून बियांपर्यंत मी एक रस तयार करत असतो. तो पोटात गेला की तोंड कोरडं पडतं, काळीज धावायला लागतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि डोक्यातलं सगळं उलटंपालटं होतं. मी तो कुणाला मारायला करत नाही. मला पळता येत नाही, शिंगं नाहीत, म्हणून करतो. एवढ्यासाठी मला विषारी म्हणतात. बरं, म्हणा. पण वावरातल्या खोपीत खुंटीला विषाचा डबा टांगलेला असतो, त्याला औषध म्हणतात. ‘कापसाला औषध मारायलोय,’ असं म्हणतात. हे ऐकून मला किती राग येत असेल याचा विचार करा.

नागप्पांचा मुलगा मल्लेश. कामाला वाघ, पण ऐकण्याच्या बाबतीत दगड. भादव्यात बोंडअळी पडली तसा तो पाठीला पंप लावून कापसात शिरला. कापूस छातीइतका वाढलेला, हवा कोंदट. डब्यातलं ते औषध पाण्यात टाकून उघड्या हाताने ढवळलं. तोंडाला काही नाही. वारा समोरून येत होता, तरी तो वाऱ्याच्या तोंडावरच फवारत गेला, कारण तास, म्हणजे कापसाची ओळ, तिकडून सुरू होतं. त्याच्या बायकोने, ईश्वरीने, दुकानातून पंपाबरोबर मिळालेला मास्क दोनदा आणून दाखवला होता. तो खोपीत प्लॅस्टिकसकट पडून होता.

दुपारी ईश्वरी भाकरी घेऊन आली तेव्हा मल्लेश माझ्या बुडाशी पडलेला होता. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, अंगाला घामाच्या धारा. श्वास घेताना छातीत पाणी खळखळल्यासारखा आवाज. बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक झालेल्या. ईश्वरीने हाक मारमारून शेजारच्या किशनरावांना बोलावलं. त्यांच्या अ‍ॅपे रिक्षात टाकून त्याला परभणीच्या दवाखान्यात नेलं.

ती माणसं गेली आणि मी तिथेच. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की मल्लेशला जे हवं होतं तेच माझ्या पानापानात भरलेलं आहे. नंतर कळलं तेव्हा वाईट वाटलं, आणि अभिमानही वाटला. अभिमान वाटला ही माझी चूक.

मल्लेश वाचला. घरी आल्यावर पहिल्यांदा वावरात आला तेव्हा सगळे बांधावर बसले होते. त्याने दवाखान्यातली हकीकत सांगितली. फवाऱ्याच्या विषाने शरीरातल्या नसा वेड्यासारख्या एकच हुकूम देत सुटतात, पाणी सोड, पाणी सोड. फुफ्फुसात पाणी भरतं आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. डॉक्टरांनी जे इंजेक्शन दिलं, ते हा हुकूम जिथे पोचतो ते दारच लावून घेतं. अ‍ॅट्रोपीन त्याचं नाव. थोडं द्यायचे, बॅटरी लावून बाहुल्या बघायचे, छातीला नळी लावून ऐकायचे, आणि मग पुन्हा थोडं.

‘डॉक्टर म्हणला, हे औषध मूळचं धोतऱ्यासारख्या झाडातलं हाय,’ मल्लेश म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला.

गंगम्मा उठली, कपाळावरची विभूती बोटाने पुसली आणि माझ्या खोडाला लावली. शिवरात्र नसताना मला कुणी हात लावण्याची ती पहिली वेळ. मी मनातून फुलून गेलो. आता तरी दिवस पालटले, असं वाटलं.

पालटले, पण भलतीकडे. नागप्पांच्या डोक्यात त्या दिवसापासून एकच गोष्ट फिरायला लागली. पोरगं मरणाच्या दारातून परत आलेलं. कापसावर अजून दोन फवारे बाकी. बापाचं काळीज, त्याला झोप कुठली? ते रोज बांधावर येऊन माझी वाळलेली बोंडं चाचपून बघायचे.

एक दिवस ते सगळ्यांसमोर बोलले, ‘आपल्याच बांधावर औषध हाय अन् आपण परभणीला पळायलोत. टायमाला गाडी न्हाई भेटली तर? फवाऱ्याच्या आधीच चार बिया गुळात घालून खायच्या. विष चढणारच न्हाई.’

ईश्वरी म्हणाली, ‘मामा, डॉक्टरनं सुईनं दिलंय ते, डोळे बघू बघू दिलंय. खायला न्हाई सांगितलं.’

बरोबर बोलली पोरगी. मीही तेच ओरडत होतो, पण माझं ओरडणं म्हणजे पानं हलणं. अहो, माझ्या कुठल्या बीमध्ये किती रस आहे हे मला स्वतःला माहीत नाही! एका बोंडातला जास्त, दुसऱ्यातला कमी. डॉक्टरांच्या बाटलीत मोजून मापून एकटं अ‍ॅट्रोपीन असतं. माझ्यात त्याच्या जोडीला आणखी दोन-तीन भावंडं आहेत, ती थेट डोक्यात शिरतात. शिवाय प्रत्येक फवाऱ्याच्या विषावर हा उतारा चालतोच असं नाही. आणि विष चढण्याआधी उतारा खाणं म्हणजे दुखणं नसताना दुखणं विकत घेणं.

पण ईश्वरीच्या बोलण्यावरही नागप्पांकडे उत्तर होतं. घर लिंगायत, तिथे गळ्यातल्या लिंगाला दाखवल्याशिवाय घोटभर पाणीही पीत नाहीत. लिंगाला वाहिलं की तो प्रसाद, आणि प्रसादावर शंका घेणं म्हणजे पाप. ‘महादेवानं सगळ्या जगाचं जहर पचवलं,’ ते म्हणाले, ‘त्याला वाहिलेलं बाधत न्हाई. आधी मी घेतो, मग पोराला देतो.’

आधी मी घेतो. या तीन शब्दांसाठी मला त्या म्हाताऱ्यावर धड चिडताही येत नाही.

सोमवारी सकाळी विहिरीवर अंघोळ करून ते माझ्याशेजारी घोंगडीवर बसले. कपाळाला विभूती लावली. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं, त्याच्यापुढे माझ्या बिया ठेवल्या, डोळे मिटून पूजा केली. मग गुळाच्या खड्यात बिया दाबून तोंडात टाकल्या. चार म्हणाले होते, घेतल्या मूठभर. पोराच्या जिवाचा प्रश्न, मग हात आखडता कशाला घ्यायचा?

थोड्या वेळात ते पाणी मागायला लागले. चेहरा लाल झाला, जीभ टाळूला चिकटली. उठले ते भेलकांडत कापसात शिरले आणि हवेतून कापूस वेचायला लागले. बोंडं अजून फुटलेली नव्हती. पण ते दोन्ही हातांनी वेचत होते, नसलेल्या ओटीत भरत होते आणि कधीच मेलेल्या बैलाला थांब म्हणत होते. गंगम्माने हाताला धरलं तर तिला ओळखलं नाही.

ईश्वरीने त्यांची पापणी वर करून पाहिली. बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळ्यात काळ्याशिवाय काही दिसेना. मल्लेशच्या बारीक झाल्या होत्या, हे तिला आठवलं. तिने माझं एक बोंड तोडून पदराला बांधलं आणि पुन्हा किशनरावांची रिक्षा, पुन्हा परभणी. बोंड बघून डॉक्टरांना लगेच उमगलं, असं नंतर बोलण्यात आलं.

नागप्पा वाचले. पण अजून बोलता बोलता मध्येच थांबतात आणि कुठे होतो ते विसरतात, असं किशनराव सांगत होते.

काल मल्लेश तावातावाने बांधावर आला. दोन्ही हातांनी माझं बूड धरलं.

‘ह्या झाडानं माझा बाप मारला असता,’ म्हणाला आणि हिसका दिला. मुळं निघाली तेव्हा माती त्याच्या तोंडावर उडाली.

मी काय बोलणार? मी कधी म्हणालो होतो, मला खा? मी तर जन्मभर काटे दाखवून सांगत आलो, लांब राहा. ज्यांना माझा रस काढता येतो, मोजता येतो, त्यांनी न्यावा की खुशाल. बाकीच्यांनी फुलं महादेवाला वाहावीत आणि हात धुवावेत. यात न समजण्यासारखं काय आहे?

आज माझी पानं सुकलीत. ऊन चढतंय तशी उरलीसुरली ओलही जाईल. अळीला मात्र घरातल्या दुखण्याशी काही देणंघेणं नाही, ती पुन्हा पडलीय. म्हणून मल्लेश पंप घेऊन आलाय. विषारी झाड त्याने उपटलं, आता औषध मारायलाय. खुंटीवरचा डबा उतरवला, उघड्या हाताने औषध ढवळलं. ईश्वरी मास्क घेऊन बांधावर उभी आहे. ती ‘तोंडाला बांधा’ म्हणाली, तर तो म्हणाला, गुदमरायलंय त्यात, एवढं तास झालं की बांधतो.

वारा मावळतीकडून सुटलाय आणि तो मावळतीकडेच तोंड करून निघालाय. यावेळी त्याच्या नसांनी हुकूम सोडले तर दार लावणारं इंजेक्शन परभणीला आहे, आणि परभणी लांब आहे. मल्लेश, माझ्यावरचा राग राहू दे. ईश्वरी हातात घेऊन उभी आहे ते तोंडाला बांध, आणि वारा पाठीला घे.