कपाटातल्या किती झाल्या?

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका वाचनालयात काचेचं एक कपाट होतं. त्यात चोवीस कादंबऱ्या होत्या आणि वरच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात ‘अभिजात’ असं लिहिलेलं होतं. कपाटात काय ठेवायचं हे वाचनालयाचे अध्यक्ष विरुपाक्ष सर ठरवत. सर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चोविसावी कादंबरी आत ठेवली, कुलूप लावलं आणि त्यानंतर कुठल्याही नव्या कादंबरीसाठी जागा केली नाही. सभासदाला हवी असली तर सर स्वतः कुलूप काढून द्यायचे.

शहरात वाचणारी दोन माणसं भेटली की तब्येतीची चौकशी झाल्यावर दुसरा प्रश्न ठरलेला असे: “कपाटातल्या किती झाल्या?” चादरीच्या व्यापारातली माणसं पंधराच्या खाली येत नसत. डॉक्टर अठरा-एकोणीस सांगत. चोवीस सांगणाऱ्याबद्दल “त्याचं कपाट झालं” असं म्हटलं जाई आणि तो माणूस ते ऐकून घेई. सरांची स्वतःची किती झाली, हे मात्र कुणी विचारलेलं नव्हतं. कपाटच त्यांचं, त्यांना काय विचारायचं?

मतंही साधारण सारखीच असत, कारण ती सरांच्या व्याख्यानांतून आलेली असत. सर्वांत प्रसिद्ध मत ‘घाटमाथ्याची देसाईण’ या कादंबरीबद्दलचं होतं. ती जुनी, प्रत कुठं मिळत नसे. शहरात होती ती कपाटातली एकच. घाटमाथ्यावरची एक देसाईण वतनासाठी दिराविरुद्ध दावा लावते. कज्जा वर्षानुवर्षं चालतो आणि निकालाच्या दिवशी ती गाडीत बसून कोर्टाला निघते. इथं लेखक एकदम खाडीकाठच्या कोळ्यांच्या वस्तीत जातो. राघू कोळी जाळं विणतो, मासे धरतो, वादळात अडकतो. तीन प्रकरणं अशी जातात. पुढचं पान उलटावं तर देसाईण हुकमाचा कागद घेऊन घरी पोचलेली. कोर्ट नाहीच.

“जाळं म्हणजे कायदा,” सर व्याख्यानात सांगत. “लेखकानं कोर्ट दाखवलं नाही, जाळं दाखवलं. आणि ते वाक्य बघा. ‘देसाईण गाडीतून उतरली आणि राघूनं जाळं खांद्यावर टाकलं.’ एका वाक्यात दोन दुनिया बांधल्या!” टाळ्या पडत. हे वाक्य शहरात बऱ्याच जणांना पाठ होतं.

१९७४च्या नोव्हेंबरात वाचनालयाला मदतनीस ग्रंथपाल नेमायचा होता. मुलाखतीला सहा जण आले. पाच मुलगे आणि एक मुलगी. मुलगी दाक्षायणी, बाळीवेशीतल्या चनमल्लप्पांची. त्यांचं शेंगांच्या चटणीचं दुकान. ती बी. ए. झाली होती आणि घरात तिच्यासाठी दुसरं एक काम ठरलेलं होतं: वैरागला मामाच्या आडत दुकानात हिशेब लिहायचा. मामाचा निरोप आला होता, खोलीही झाडून ठेवली होती. ही नोकरी मिळाली तरच ती सोलापुरात राहणार होती. वैरागला वाचनालय नव्हतं असं नाही. पण तिथली पुस्तकं तिनं सुट्टीत जाऊन आधीच संपवली होती.

“किती सांगायच्या ते ठरवलंस का?” निघताना तिच्या आईनं, काशम्मानं, विचारलं. हा प्रश्न येणार हे बाळीवेशीतही माहीत होतं.

“झाल्यात तेवढ्या.”

“तेवढ्याच सांगतीस? दुसरी पोरं वीस-वीस सांगणार की!”

“मग त्यांना विचारतील ना वीसबद्दल.”

“कोण विचारतंय गं,” काशम्मा म्हणाली आणि तिला कुंकू नीट लाव म्हणाली.

मुलाखत कपाटासमोरच होती. टेबलामागे तिघं. मधे विरुपाक्ष सर, उजवीकडे चादरीचे व्यापारी शंकरप्पा, डावीकडे चिटणीस महिपतराव वकील. आधीच्या उमेदवारानं बावीस सांगितल्या होत्या आणि सर खूश होते.

“कपाटातल्या किती झाल्या?” सरांनी विचारलं.

“साडेसहा,” दाक्षायणी म्हणाली.

शंकरप्पा मोठ्यानं हसले. “अव्वा, साडी घेतीस का पुस्तक वाचतीस? साडेसहा वार!”

“अर्धी कुठली?” महिपतरावांनी विचारलं.

“‘घाटमाथ्याची देसाईण’. मधे सोडली.”

सरांनी चष्मा काढला. “का सोडली?”

“माणसं बदलली, सर. मला काही कळेना.”

“माणसं बदलली!” सर शंकरप्पांकडे वळून म्हणाले. मग तिला शिकवल्यासारखं समजावू लागले. जाळं, कायदा, एका वाक्यातल्या दोन दुनिया. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

“हे मी तुमच्या व्याख्यानात ऐकलं, सर. म्हणूनच दुसऱ्यांदा वाचायला घेतली होती. जाळं म्हणजे कायदा असं धरून बघितलं. पण मग ती बाई कोण?”

“कोण बाई?”

“राघूची बायको. वादळात तो अडकतो आणि ती कंदील घेऊन धक्क्यावर उभी राहते. तिथं ते संपतं. पुढं ती येतच नाही. राघू वाचला का, तेसुद्धा सांगत नाहीत. मला देसाईणीच्या वतनापेक्षा तेच हवं होतं. शेवटपर्यंत चाळलं. नाहीच.”

“ती व्याकुळता अपुरी ठेवणं हेच—”

“सर,” शंकरप्पा मधेच म्हणाले, “खरं सांगू का? मला बी त्या बाईचं लई वाटलं हुतं. मी म्हटलं, आपल्याला काय कळतंय? सर सांगत्यात तर असंल.”

महिपतराव वकील आतापर्यंत पेन फिरवत होते. ते हळूच म्हणाले, “मी वकील माणूस. नऊ वर्षांचा दावा आणि निकालाचा दिवसच नाही. मला वाटलं, लेखकाला कोर्ट माहीत नसावं. म्हणून टाळलं. बोललो नाही, इतकंच.”

“म्हणजे तुम्हा दोघांनाही पटलं नव्हतं?” सरांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण खाली आला होता. “मग मान कशाला डोलावत होता?”

“सगळेच डोलवत हुते की,” शंकरप्पा म्हणाले.

दाक्षायणीला आता आपलं बोलणं अंगाशी येणार असं दिसत होतं. सहापैकी ती एकटीच मुलगी, तीसुद्धा अध्यक्षांच्या सर्वांत आवडत्या मताला हात घालून बसलेली. वैरागची झाडलेली खोली तिच्या डोळ्यांसमोर आली. तरीही एक प्रश्न तिला आतून टोचत होता, आणि पुन्हा या कपाटासमोर बसायला मिळेलच असं नव्हतं.

“सर, एकदा पुस्तक बघू का?”

सरांनी कुलूप काढलं. कपाटातली सगळी पुस्तकं एकाच तपकिरी कापडात बांधलेली होती. वाचनालयाची तशी रीत होती. दर मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली की सभासद तिथल्या दालनात सतरंजीवर बसून जुनी पुस्तकं उसवत, पुन्हा शिवत आणि खळ लावून बांधत. सूत शंकरप्पांच्या दुकानातून फुकट येई, चादरीचंच. बाहेरच्या बाइंडरला देण्याची गरज कधी पडली नाही, याचा समितीला अभिमान होता.

दाक्षायणीनं एकशे ब्याण्णवावं पान उघडलं. शेवटची ओळ: ‘देसाईण गाडीतून उतरली आणि’. समोर एकशे त्र्याण्णव: ‘राघूनं जाळं खांद्यावर टाकलं.’ पानांचे आकडे ओळीनं होते. अक्षर तेच, कागद तोच. तिनं पुस्तक उभं धरून शिवणीकडे बघितलं.

“हितं आमचं सूत दिसतंय,” शंकरप्पा वाकून म्हणाले.

“सर, पुस्तकात सोळा-सोळा पानांच्या घड्या, फर्मे, शिवलेले असतात ना?” ती म्हणाली. कॉलेजच्या अंकाचं काम करताना तिनं छापखाना बघितला होता. “बारा फर्म्यांनी एकशे ब्याण्णव पानं होतात. हे तेराव्यापासून बदलतंय. बरोबर फर्म्यावर.”



“या कपाटात खाडीवरची दुसरी कादंबरी आहे का?”

“‘सात खाड्यांचा गाव’,” महिपतराव म्हणाले. “त्याच प्रकाशकाची. तिसऱ्या फळीवर.”

“तुम्ही वाचलीय?” दाक्षायणीनं विचारलं.

महिपतराव म्हणाले, “नाव माहीत आहे.” तिनं शंकरप्पांकडे बघितलं. शंकरप्पांचं कपाट झालेलं होतं, हे सगळ्या सोलापूरला माहीत होतं. ते पंख्याकडे बघू लागले.

मग तिनं सरांकडे बघितलं. तिला सरांची परीक्षा घ्यायची नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“सर, तुमच्या किती झाल्या?”

बाहेर सात रस्त्यावरून एसटी गेली, तिचा आवाज आत आला आणि विरला.

“तेवीस,” विरुपाक्ष सर म्हणाले.

शंकरप्पांनी मान झटक्यात वळवली.

“ही तेवढी राहिली,” सर म्हणाले. “समीक्षक चांगली म्हणत होते म्हणून कपाटात ठेवली. दोनदा उघडली. मला समुद्र, होड्या, मासे यांचं वर्णन वाचवत नाही. कंटाळा येतो.”

महिपतराव हसू दाबण्यासाठी खोकले. ज्या माणसानं राघूच्या जाळ्यावर वर्षानुवर्षं व्याख्यानं दिली, त्याला माशांचा कंटाळा होता. सरांनाही ते लक्षात आलं. त्यांनी स्वतःच तिसऱ्या फळीवरचं पुस्तक काढलं. उघडताना खळ कडकडली. कित्येक वर्षांत ते कुणी पूर्ण उलगडलेलंच नव्हतं. शहरात चोवीस सांगणारे निदान डझनभर तरी होते.

सरांनी एकशे त्र्याण्णवावं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं, “‘कोर्टाच्या पायऱ्या मोजत वर चढली.’”

देसाईण गाडीतून उतरली आणि कोर्टाच्या पायऱ्या मोजत वर चढली. वाक्य जुळलं.

“वाचा, पुढं वाचा,” महिपतराव खुर्ची ओढत म्हणाले. “निकाल काय लागला?”

सर वाचू लागले. उरलेले तीन उमेदवार बाहेर बाकावर बसून होते. एकानं दारातून डोकावलं, तर समिती एका पुस्तकावर वाकलेली आणि मुलगी त्यांच्यातच उभी. उलटतपासणी, दिराचा खोटा साक्षीदार, देसाईणीचं न बोलणं, न्यायाधीशांचं निकालपत्र. महिपतराव एकदा “असं विचारता येत नाही” म्हणाले आणि एकदा “वा!” म्हणाले. शंकरप्पांनी तिसऱ्या फर्म्याला विचारलं, “झालं का? अजून लई हाय?”

सरांनी पुस्तक मिटलं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली.

“कुणी शिवलं असंल हे?” शंकरप्पा म्हणाले. “सर, तवा तुमीच खळ लावायला बसायचा की.”

“तुम्हीही बसायचा.”

“मी सूत द्यायचो निस्तं.”

सर हसले नाहीत. त्यांनी तपकिरी कापडावरून बोट फिरवलं. “सतरा वर्षं,” ते म्हणाले, “मी लोकांना जाळं म्हणजे कायदा सांगितलं.” मग दाक्षायणीला विचारलं, “तुला कळत नव्हतं तर तेव्हाच येऊन विचारलं का नाहीस?”

“सगळ्यांना कळलं होतं, सर. मला वाटलं, माझंच काहीतरी कमी आहे. त्यानंतर कपाटातली कादंबरीच घेतली नाही मी. सहावरच थांबले.”

 सरांनी तिला बाहेर बसायला सांगितलं. उरलेल्या तिघांच्या मुलाखती झाल्या. त्यांना तो प्रश्न विचारला गेला नाही. त्यामुळं तिघंही गोंधळले; एकानं न विचारताच एकवीस सांगितल्या.

संध्याकाळी सरांनी तिला परत बोलावलं. टेबलावर दोन्ही पुस्तकं होती.

“साडेसहावर नेमणूक करता येत नाही,” ते म्हणाले.

तिनं पदराचं टोक धरलं.

“दोन्ही घेऊन जा. इकडची तिकडं लावून वाच. सोमवारी येऊन मत सांग. तुझं मत, माझं नाही.”

बाळीवेशीत काशम्मानं दोन जाडजूड पुस्तकं बघून कपाळाला हात लावला. “नोकरी दिली का गृहपाठ दिला?” दाक्षायणी दोन पुस्तकं मांडीवर उघडी ठेवून, चार बोटं चार पानांत घालून वाचत बसली. जेवायला दोनदा हाक मारावी लागली. शनिवारी मामाचा पुन्हा निरोप आला. चनमल्लप्पांनी सोमवारपर्यंत थांबा असं कळवलं.

सोमवारी ती समितीपुढं उभी राहिली.

“किती झाल्या?” सरांनी विचारलं.

“आठ.”

“मत?”

“देसाईण शेवटी ठीक आहे. कोर्ट लेखकानं घाईत उरकलंय.”

“उरकलंय!” महिपतराव म्हणाले. “अहो, ती उलटतपासणी—”

“न्यायाधीश तीन पानं बोलतात, काका. देसाईण काही बोलत नाही तेवढंच चांगलं आहे. दुसरी मात्र...” ती थांबली. “राघू वाचतो. पण बायको त्याला घरात घेत नाही. वादळ येणार हे दिसत असताना गेला म्हणून. मला हे आधी माहीत असतं तर मी कपाट सोडलं नसतं.”

“घरात घेत न्हाय?” शंकरप्पा पुढं सरकले. “मग?”

“वाचा की,” दाक्षायणी म्हणाली, आणि मग जीभ चावली.

सरांनी कागद ओढून तिघांच्या सह्यांसाठी नेमणुकीचं पत्र लिहायला घेतलं. लिहितानाच, वर न बघता, म्हणाले, “पहिलं काम, ही दोन्ही उसवून नीट शिवायची. सूत शंकरप्पा देतील.”

“देतो. पण शिवायच्या आधी खाडीची मला पाहिजे. आता माझ्या तेवीसच राहिल्यात, सगळ्यांसमोर.”

“आधी मी,” विरुपाक्ष सर म्हणाले.

पुस्तक त्यांनी घरी नेलं. पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा दाक्षायणी नव्या टेबलाशी बसून परत आलेली पुस्तकं लावत होती. सरांनी ‘सात खाड्यांचा गाव’ तिच्यासमोर ठेवलं.

“चोवीस,” ते म्हणाले.

“कशी वाटली, सर?”

सरांनी चष्मा पुसला. प्रामाणिक उत्तर द्यायचं तर थोडा वेळ लागतो, तेवढा त्यांनी घेतला.

“राघूच्या जाळ्याची ती मधली तीन प्रकरणं उत्तम आहेत,” ते म्हणाले. “बाकी कंटाळवाणी.”