धुराच्या खोलीतली तापी

भिंत सपाट आणि पांढरी पाहिजे असा कागद शाळेत आला, त्या दिवशी द्रौपदाबाईची खिचडी करपली. शाळेची खिचडी शिजवायला लागल्यापासून बारा वर्षांत पहिल्यांदा. पोरांनी मुकाट खाल्ली.

टेकवाडी हे गाव पांझरा नदीच्या काठी. शाळेला खोल्या दोन, गुरुजी एक. दुसऱ्या गुरुजींची जागाही भरलेली आहे, पण कागदावर. आणि कागदावरच्या गुरुजींना पोरं त्रास देत नाहीत, म्हणून ते समाधानी आहेत. अशा शाळेला आता भिंतीवर हलती चित्रं दाखवणारा प्रोजेक्टर मिळणार होता. ऑनलाइन धडे, बोलते डोंगर, वाहत्या नद्या. त्यासाठी बिनखिडकीची भिंत हवी. तशी भिंत शाळेत एकच होती, आणि तिच्यावर अख्खा खानदेश बसलेला.

तो बसवला द्रौपदाबाईनं. गावातल्या निम्म्या चुली तिच्याच हातच्या. झुलाल गुरुजींनी खडूनं रेघा मारून दिल्या, हिनं माती, शेण, भुसा कालवून सातपुडा उभा केला. तापी अंगठ्यानं कोरली. चाळीसगावची रेल्वे सुतळीची, धुळं नि जळगाव चिंचोक्यांचे. सरपंच तोताराम नानांनी टेकवाडीलाही चिंचोकाच पाहिजे म्हणून दोन दिवस हट्ट धरला. गुरुजींनी मुगाचा एक दाणा मंजूर केला. तो दर पावसाळ्यात उंदीर खाई. म्हणजे गाव वर्षातून एकदा नकाशावरून उठे आणि द्रौपदाबाई ते पुन्हा वसवी.

हा खटाटोप हौसेचा नव्हता, मृणालीसाठी होता. द्रौपदाबाईची ही नात तिसरीत. जन्मापासून डोळ्यांपुढं धुकं. फळा दिसेना म्हणून पहिलीचं वर्ष घरीच बसली होती. भिंतीवर खानदेश आला आणि पोर बोटानं शिकायला लागली. "पिंपळनेरकडथून निंघनी, साक्री, धुळं, मुडावदले तापीम्हा पडनी," असं पांझरेत बोट फिरवत सांगायची, आणि चांगल्या डोळ्यांची पोरं तिला विचारून पेपर लिहायची.

केंद्रप्रमुख भाईदास साहेब, म्हणजे आजूबाजूच्या दहा शाळांवर नजर ठेवणारे, मोटारसायकलवरून आले. आधी त्यांनी नकाशाचे मोबाइलवर सात फोटो काढले. दोनदा "वा" म्हणाले. मग म्हणाले, "खरवडा."

द्रौपदाबाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. हातात खिचडीची पळी.

"साहेब, हाई भिंत नही शे. मन्ही पोरना डोळा शेतस ह्या."

"मावशी, प्रोजेक्टरवर सगळं दिसतं. सातपुडा काय, हिमालयसुद्धा दिसतो."

"दिसत व्हई. पन तिले दखात नही, तेच तं सांगी ऱ्हायनू!"

तोताराम नाना मधे पडले. "अक्का, जग कोठे चालनं, आन तू मातीम्हा हात घालीसन बठेल शे."

"जग जाऊ द्या नाना. तुमना मुगना दाना जाई ऱ्हायना, तेनं देखा."

नानांनी दाण्याकडं बघितलं, क्षणभर हळहळलेही. पण उद्घाटनाच्या फलकावर त्यांचं नाव अडीच इंची अक्षरात आलं होतं. दाणा त्यामानानं लहानच.

झुलाल गुरुजी जमिनीकडं बघत म्हणाले, "अक्का, वरथून आदेश शे. मन्हा हात बांधेल शेतस."

"मंग ऱ्हाऊ द्या बांधेल. मन्हं काम मीच मोडसू. दुसरानं खुरपं नको लागाले."

आणि तिनं स्वतःच खुरपं घेतलं. मृणाली बाजूला उभी. ढेकळं पडल्याचा आवाज ऐकत होती.

"आजी, आते काय काढी ऱ्हायनी?"

"सातपुडा."

"आते?"

"धुळं."

बराच वेळ खुरपं चाललं.

"आन आपलं गाव?"

द्रौपदाबाईनं मुगाचा दाणा नखानं उकरला, पदराच्या गाठीला बांधला. "ते मन्हाजोडे शे."

आठव्या दिवशी उद्घाटन. भिंत चुन्यानं दुधासारखी पांढरी झालेली. नानांनी नारळ फोडला, साहेबांनी बटण दाबलं. जिल्ह्याच्या ऑनलाइन संचातला पहिलाच धडा लागला: 'शिक्षकांसाठी प्रेरणादायी दृश्य साधने.' आधी गाणं झालं, मग भिंतभर एक फोटो उमटला. मातीचा सातपुडा, अंगठ्यानं कोरलेली तापी, सुतळीची रेल्वे. खाली लिहिलं होतं: 'उठावाचा नकाशा. संकल्पना: भाईदास साहेब. प्रत्येक शाळेने असे साधन भिंतीवर तयार करावे.'

पोरं ओरडली, "मावशी, आपली भिंत! आपली भिंत उनी!"

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. पुसण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतं. गुरुजी पुन्हा जमिनीकडं बघू लागले. त्यांना ती आता पाठ झाली होती.

मृणाली मात्र उठली. ओरडण्याच्या दिशेनं चालत भिंतीपर्यंत गेली, हात लावला. गार, गुळगुळीत चुना. तिनं वर चाचपलं, खाली चाचपलं. डोंगर तिच्या पाठीवर पडला होता आणि तापी तिच्या केसांतून चालली होती.

"आजी, कोठे शे? हातले लागत नही."

मागून साहेब म्हणाले, "ए मुली, बाजूला हो. लोकांना दिसत नाही."

द्रौपदाबाईनं तिला हाताला धरून बाहेर आणलं. आत टाळ्या वाजत होत्या.

शाळेमागं खिचडीची खोली आहे. पत्र्याच्या छपराची, काळवंडलेली. चुलीमागच्या भिंतीला तिनं ओली माती थापली, पोरीचा अंगठा धरून त्या मातीत दाबला आणि हळूहळू ओढत नेला. मग पदराची गाठ सोडली.

"हाई पांझरा. आन हाई आपलं गाव. आते उंदीर खाई तं खाई, पन साहेब खावाव नही."

आज त्या भिंतीवर पुन्हा अख्खा खानदेश आहे. तपासणीला साहेब महिन्याला येतात, खिचडीची चव घेतात, पण खोलीच्या दारातूनच परततात. आत धूर इतका, की चांगल्या डोळ्यांच्या माणसाला तिथं काहीच दिसत नाही.